खाऱ्या हवेत पडद्याचे रॉड टिकत नाहीत. ट्रॅक लावावा का?

सुरंगी_र
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ भाट्याच्या बाजूला आमचं घर आहे. गच्चीत गेलं की समुद्र दिसतो, आणि न जाताही त्याचं मीठ घरात येतं. तीन वर्षांपूर्वी डागडुजी काढली तेव्हा सगळीकडे एक इंची स्टेनलेसचे रॉड लावले. दुकानदार म्हणाला, "ताई, स्टील आहे, डोळे झाकून न्या." आम्ही डोळे झाकूनच नेले. पहिल्या पावसाळ्यात रॉडवर चहा सांडल्यासारखे ठिपके आले. दुसऱ्या पावसाळ्यात पडदा सरकवला की कट्ट्यावर तपकिरी पूड पडायला लागली. परवा तर हॉलमधला मोठा रॉड पडद्यासकट खाली आला. खाली सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना काही झालं नाही, तांदूळ मात्र कोंबड्यांना गेले.

एका बाजूच्या स्क्रूचं डोकं हातात आलं आणि दांडा भिंतीतच राहिला. दुसऱ्या बाजूचा स्क्रू आख्खा निघाला, पण येताना मूठभर लाल भुगा घेऊन आला. घर चिऱ्याचं आहे, वरून प्लास्टर.

गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार, त्याआधी हे मार्गी लावायचंय. सात खिडक्या, दोन दारं. हॉलची खिडकी नऊ फुटी, पश्चिमेकडे. आता परत रॉडच घ्यावेत की ॲल्युमिनियमचा ट्रॅक? यजमानांचं म्हणणं, ट्रॅक ऑफिसात असल्यासारखा वाटतो.

गोठण्यातला
तांदळाचं वाचून वाईट वाटलं. कुठला होता?

सुरंगी_र
वाडा कोलम. आता अजून दुखवू नका.

शिवणटीप
कुडाळला पडदे शिवते, बावीस वर्षं झाली. ताई, तुमचे पडदे आयलेटचे आहेत की चुण्यांचे, ते आधी सांगा. लोक आधी रॉड आणतात, मग कापड, मग माझ्याकडे येतात आणि म्हणतात बसवून द्या. क्रम उलटा हवा.

आयलेट म्हणजे गोल रिंगा, त्यांना रॉडच लागतो. ट्रॅकवर चुण्यांचे पडदे, हुकांनी अडकवायचे. नऊ फुटांवर रॉड लावलात तर मध्ये एक आधार द्यावाच लागतो, नाहीतर पोटात झुकतो. पण मधल्या आधारावरून आयलेटची रिंग पुढे जात नाही. म्हणजे डावा पडदा कायम डावीकडे, उजवा उजवीकडे. एकाच बाजूला सगळा गोळा करून समुद्र बघायचा असेल तर ट्रॅकला पर्याय नाही, कारण त्यातले रनर आतून धावतात, आधार वरच्या बाजूला असतो.

कापड रुंदीच्या दुप्पट धरा, पातळ असेल तर अडीचपट. नऊ फुटांना नऊ फूट कापड आणणारे मी पाहिलेत. ओढल्यावर पडदा दिसत नाही, चादर वाळत घातलीय असं वाटतं.

आणि आयलेट नेहमी सम संख्येत. विषम झाल्या की एका टोकाची कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीत डोकावते.

पितळी_डबा
स्टेनलेस घ्यायला हरकत नाही, फक्त खिशात लोहचुंबक घेऊन जा. चिकटला तर खोटं, नाही चिकटला तर खरं. वडील भांडी अशीच घ्यायचे.

भट्टीवाला
@पितळी_डबा, वडिलांच्या काळात ठीक होतं, आज याच युक्तीने लोक फसतात. बाजारातले स्वस्त रॉड बहुतेक २०२ ग्रेडचे असतात आणि २०२ ला पण चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून स्वस्त. चांगलं ते ३०४, ज्यात क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल ८. उलट ३०४ ची नळी ओढून, वाकवून तयार केलेली असली तर तिला चुंबक थोडा धरतो. म्हणजे तुम्ही खरं टाकून खोटं घरी आणाल.

मोठ्या भंगारवाल्याकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे तपासायच्या द्रावणाची बाटली असते. थेंब टाकून छोटी बॅटरी टेकवतात, मँगनीज जास्त असेल तर लाल रंग येतो. ओळख असेल तर तिथे एक तुकडा दाखवून आणा.

समुद्राला अगदी लागून असाल तर ३१६. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच पुरून उरतं. पण पडद्याच्या रॉडमध्ये ३१६ दुकानात मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

अजून एक. पावसात उघड्यावर असलेलं रेलिंग कधी कधी घरातल्या रॉडपेक्षा चांगलं राहतं. पाऊस मीठ धुऊन नेतो. खिडकीतला रॉड वारा खातो पण त्याला आंघोळ नाही. पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडा करा. ते चहासारखे डाग ३०४ वर पण येतात, पण वरवरचे असतात, पुसून जातात.

पितळी_डबा
म्हणजे चुंबक घरी ठेवू?

भट्टीवाला
फ्रिजवर ठेवा.

तंगूसवालो
रॉड नको नि ट्रॅक नको. आमच्या घरात तंगसावर, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यार, पडदे आसत, पंधरा वर्सां झाली. दोन बाजूक दोन पितळेचे हुक नि मधी जाळ्याचो जाडो तंगूस ताणून बांधलो. गंजाक तेका काय लोखंड आसा?

शिवणटीप
तंगूसवालो भाऊ, चार फुटांच्या खिडकीला चालतं. नऊ फुटांवर पडद्याचं पोट सुटेल.

तंगूसवालो
सुटांदे. माझापण सुटलाहा.

दादरचा_पाहुणा
आम्ही फ्लॅटमध्ये चिकटवायचे ब्रॅकेट लावलेत, ड्रिल नाही, भुगा नाही. पाच मिनिटांचं काम. गावालापण तेच करा की.

चिरेखाणी
@दादरचा_पाहुणा, जुलैमध्ये या आणि आमच्या भिंतीला हात लावून बघा. भिंतीला घाम येतो इथे. चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर चिकटवलेलं ब्रॅकेट रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतं. तुमचं घर तिसाव्या मजल्यावर काँक्रीटचं, आमचं जमिनीवर दगडाचं.

सुरंगीताई, सगळे रॉडबद्दल बोलतायत. तुमच्या पोस्टमधली खरी गोष्ट तो लाल भुगा आहे. चिरा म्हणजे जांभा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, उन्हावाऱ्याने टणक होतो, पण आतून भोकाभोकांचाच. त्यात हॅमर लावून ड्रिल केलं की बिट आठचं आणि भोक बाराचं होतं. मग प्लास्टिकची गिट्टी आत फिरत राहते आणि कारागीर म्हणतो "टाईट झालं." टाईट काही होत नाही, फक्त स्क्रूला फिरायचा कंटाळा येतो.

करायचं काय, ते सांगतो. तुमच्या खिडक्यांवर सिमेंटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असणार. ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा फूट भिंतीत शिरलेलं असतं आणि उंचीलाही पाच-सहा इंच असतं. ब्रॅकेट त्यातच आली पाहिजेत. म्हणजे खिडकीच्या चौकटीवर तीन-चार इंच, आणि बाजूला चार इंचांपेक्षा लांब नाही. भोक पाडताना खाली कागद धरा. प्लास्टर संपल्यावर भुगा राखाडी आला तर लिंटेल, लाल आला तर चिरा. लाल दिसला की थांबा आणि आत सरका. मध्येच बिट कडक लागून किंचाळायला लागलं तर सळई आहे, अर्धा इंच वर घ्या.

तुमचा मोठा रॉड पडला त्याचं ब्रॅकेट नक्की लिंटेलच्या बाहेर असणार. पैज लावतो.

सुरंगी_र
@चिरेखाणी, आत्ता टेप लावून बघून आले. जिकडून लाल भुगा आला ते ब्रॅकेट चौकटीपासून अकरा इंचांवर आहे. कारागीर म्हणाला होता, "बाहेर घेतलं की खिडकी मोठी दिसते."

चिरेखाणी
दिसते. पडदा पडला की अजून मोठी दिसते.

हर्णैकर
आमचं घर जुनं, त्यात लिंटेल वगैरे काही नाही. खिडकीवर फणसाचं जाड पाटी-लाकूड, वर मातीत रचलेला चिरा. अशांनी काय करायचं?

चिरेखाणी
तुमचं तर सोपं आहे, स्क्रू थेट त्या लाकडातच जाईल. फणस स्क्रू सोडत नाही. फक्त आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फाटेल.

आणि ज्यांना लाकूड पण नाही, लिंटेल पण नाही, त्यांनी भिंतीत सागाच्या खुंट्या ठोकाव्यात. ड्रिलचं हॅमर बंद करून साध्या फिरतीवर भोक पाडायचं, किंचित निमुळती खुंटी हातोडीने आत बसवायची आणि स्क्रू तिच्यात. नाहीतर खिडकीभर चार इंची सागाची पट्टी पाच-सहा ठिकाणी भिंतीला पकडा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावा. वजन एका भोकावर न पडता पाच-सहांवर वाटलं जातं.

रातांबा
विषयाला सोडून, पण विचारते. समुद्र समोर असताना त्यावर पडदा का टाकायचा? मुंबईत लोक समुद्राच्या तुकड्यासाठी लाखो मोजतात आणि आपण झाकून बसतो.

सुरंगी_र
रातांबाताई, मे महिन्यात दुपारी तीन वाजता आमच्या हॉलमध्ये या. समुद्र तुम्हालाच नकोसा होईल. सोफ्याचं कापड एका बाजूने गुलाबी झालंय, मूळचं मरून होतं.

रातांबा
मग आमच्या आजोळची पद्धत करा. पडवीला पावसाळ्यात झड येऊ नये म्हणून झाप बांधायचे, नारळाच्या चुडतांचे विणलेले. उन्हाळ्यात पण तेच कामाला यायचे. ऊन गाळून यायचं, जमिनीवर जाळी पडायची. त्या जाळीत आम्ही पाय ठेवून खेळायचो. पहिल्या सरीला त्यांचा एक वास सुटतो, तो कुठल्याच पडद्याला नाही.

हर्णैकर
झापांची आठवण काढलीत म्हणून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घरावरची कौलं उडाली, परसातले सात माड आडवे झाले. आठवडाभर वीज नाही. छपराच्या भोकांवर टाकायला ताडपत्री मिळेना, तेव्हा आईने घरातले सगळे पडदे काढून पलंगांवर आणि धान्याच्या कोठीवर अंथरले. जाडजूड होते, बाहेरच्या सुती चादरींपेक्षा कमी भिजले. रॉड मात्र जागेवरच राहिले. वडील रोज संध्याकाळी त्या रिकाम्या रॉडांकडे बघून म्हणायचे, "हे मात्र चांगले बसवलेन हो."

गोठण्यातला
फणसात बसवलेले असणार.

हर्णैकर
फणसातच.

लाखकाम
लाकडाची गोष्ट निघालीच आहे तर, सावंतवाडीला चितारआळीत जी खेळणी आणि लाकडी फळं होतात, ते कारागीर कातकाम करतात. त्यांच्याकडून मी लाकडी रॉडची टोकं आणि लाकडी रिंगा कातून घेतल्या. दोन्ही टोकांना पेरू बसवलाय, लाखेच्या रंगाचा. मुंबईची मंडळी आली की पहिला फोटो खिडकीचा काढतात, समुद्राचा नाही. रॉड सागाचा, सव्वा इंची. गंजायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात रिंगा जरा अडतात, मेणबत्ती घासली की सरकतात.

पितळी_डबा
मेणबत्ती कशाला, खोबरेल लावा. घरचं असतं.

शिवणटीप
खोबरेल अजिबात नको! माझ्याकडे असे पडदे धुवायच्या आधी सल्ल्याला येतात. तेलावर धूळ बसते, तिचा काळा चिकटा होतो आणि पडद्याच्या वरच्या पट्टीला एक काळी रेघ येते, ती जन्मात जात नाही. मेण ठीक. ट्रॅकला सिलिकॉनचा फवारा मिळतो तो मारा.

पितळी_डबा
आज माझा दिवस नाही.

माणगा_बेट
बांबू कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. आमच्या सिंधुदुर्गात माणगा आहे, जवळजवळ भरीव, सरळ वाढणारा. त्याची सात-आठ फुटी काठी पडद्याला झकास. पण सरळ तोडून लावलात तर सहा महिन्यांत भुंगा लागतो, खाली पिवळं पीठ पडतं. काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, आतला स्टार्च निघून जातो आणि भुंग्याला खायला काही उरत नाही. मग सावलीत वाळवायच्या. आमच्याकडे व्हाळात दगडाखाली ठेवतात. एकदा पुरात वाहून गेल्या होत्या, ते वेगळं.

सुरंगी_र
सगळ्यांचं वाचतेय. डोकं भंजाळलंय, पण मजा येतेय. एक शंका. समजा हॉलला ॲल्युमिनियमचा ट्रॅक लावला, तर तो खाऱ्या हवेत टिकतो? आणि स्क्रू पितळेचे घेऊ का? पितळ गंजत नाही म्हणतात.

भट्टीवाला
ट्रॅक टिकतो, पावडर कोटिंगचा किंवा ॲनोडाईज केलेला घ्या. साध्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, पण लोखंडासारखं ते आतून पोखरत जात नाही.

पितळेचे स्क्रू मात्र ॲल्युमिनियमला लावू नका. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की बारकी बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, भोक मोठं होत जातं. स्टेनलेस ३०४ चे स्क्रू घ्या आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर ठेवा. बाजारात येतात ते पिवळे स्क्रू म्हणजे लोखंडावर जस्ताचा हलका हात. तुमचा डोकं तुटलेला स्क्रू तोच असणार. रॉडबरोबर पाकिटात फुकट मिळाला होता ना?

सुरंगी_र
हो! पारदर्शक पिशवीत, चार स्क्रू, चार गिट्ट्या. पिवळेच.

भट्टीवाला
ती पिशवी दुकानातच परत द्यायची. रॉडवर हजार रुपये घालतो आणि त्याचा सगळा भार फुकटच्या स्क्रूवर टाकतो आपण.

दादरचा_पाहुणा
पितळेचा रॉड चालेल का मग? पितळेचाच स्क्रू, पितळेचाच ब्रॅकेट. धातू एकच.

भट्टीवाला
चालेल. महाग आहे आणि काळपट-हिरवट पडतो.

रातांबा
आमसुलांनी घासायचा. देवघरातली समई घासतो तसा. गणपतीआधी एकदा, दिवाळीआधी एकदा.

दादरचा_पाहुणा
नऊ फुटी समई?

शिवणटीप
ट्रॅक घेणार असाल तर दोन गोष्टी. स्क्रू दर दीड फुटाला हवेत, टोकांना दोन मारून मोकळं व्हायचं नाही. आणि रनर मोजून घ्या, चुण्या घातलेल्या पडद्याच्या फुटाला साधारण तीन. वर चार-पाच जास्तीचे आधीच ओवून ठेवा. नंतर एक तुटला की टोकाची टोपी काढून सगळं रिकामं करावं लागतं, आणि हे नेमकं पाहुणे जेवायला बसले असताना करावं लागतं.

दुहेरी ट्रॅक घेतलात तर आत पातळ, बाहेर जाड असं करता येईल. दुपारी जाड ओढा, संध्याकाळी पातळ. खालच्या दुमडीत वजनाची साखळी घालून देते मी, नाहीतर तुमच्याकडचा वारा पडदा पंख्याला नेऊन लावेल. पाहिलंय मी एकदा. पंखा पण गेला, पडदा पण.

चिरेखाणी
दुहेरी ट्रॅकचं वजन लक्षात घ्या. लिंटेलमध्येच, पुन्हा सांगतो. छताला मारणार असाल आणि वर स्लॅब असेल तर अजून उत्तम. कौलारूवाल्यांना तो मार्ग नाही, वाशाला ट्रॅक मारू नका, वासा सरळ नसतो.

सुरंगी_र
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, काम झालं. सगळ्यांना कळवायचं राहून जात होतं.

हॉलला ॲनोडाईज केलेला दुहेरी ट्रॅक घेतला, वरच्या स्लॅबला मारला. यजमानांना ऑफिस वाटू नये म्हणून समोर सहा इंची सागाची पट्टी लावली, ट्रॅक तिच्यामागे लपला. ते आता "माझीच कल्पना" म्हणून सांगतायत. चार खिडक्यांना ३०४ चे रॉड. तुकडा थेंब टाकून तपासला. पहिल्या दुकानातला लाल झाला, दुकानदार पण. दुसऱ्यातला नाही झाला. सगळी ब्रॅकेट लिंटेलमध्ये, कागद खाली धरून. एका ठिकाणी लाल भुगा आला, कारागीर म्हणाला "चालतंय", मी म्हटलं नाही चालत. दोन खिडक्यांना लाखकाम यांच्या सल्ल्याने लाकडी, टोकांना पेरू नाही, आंबे. रत्नागिरीत पेरू शोभले नसते.

आयलेटच्या जुन्या रिंगांनाही गंजाची कड धरली होती, पडद्यावर तपकिरी वर्तुळं. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकले, बरेचसे गेले. शिवणटीपताईंनी नवीन रिंगा प्लास्टिकच्या घालायला सांगितल्या, तशाच घातल्या. सम संख्येत.

गोठण्यातला
जुन्या रॉडांचं काय केलंत?

सुरंगी_र
परसात पडवळाच्या मांडवाला घातले. दोन पडवळं लागलीत.

हर्णैकर
आणि दारं? दोन दारं होती ना तुमची? एकाचाही हिशेब नाही वर.

सुरंगी_र
पुढच्या दाराला पडदा नकोच ठरलं. मागच्या दाराला, म्हणजे मोरीकडच्या, अडीच फुटांचं काम होतं. त्याला तंगूस ताणला. सासूबाईंनी स्वतः बांधला, माहेर मिऱ्याचं, गाठ मारायला कोणी शिकवावं लागत नाही. तंगूसवालो काकांना सांगा.

तंगूसवालो
वाचलंय. पोट किती सुटला ता पावसाळो झालो काय कळवा.